अपयशाचं चित्र नसलेला कागद

या व्याख्यानांमध्ये आपण पुस्तकांवर बोलतो, नाटकांवर बोलतो, कधी एखाद्या चित्रपटावर. आज एका कागदावर बोलायचं आहे. मागे बसलेल्यांना तो दिसणार नाही, घरून ऐकणाऱ्यांना तर नाहीच, म्हणून वर्णन करतो. घडी घातली की काडेपेटीएवढा, उलगडला की वहीच्या पानाएवढा. वायरलेस कीबोर्ड आणि माऊसच्या जोडीसोबत खोक्यात येतो. बहुतेक जण तो खोक्यातच ठेवतात आणि खोकं माळ्यावर टाकतात. आम्ही मात्र गेल्या वर्षभरात असे अकरा कागद जमवले, वेगवेगळ्या कंपन्यांचे, आणि ते नीट वाचले. जसं एखादं पुस्तक वाचावं तसं. तर ही त्या वाचनाची समीक्षा समजा.

हे करायचं कारण आधी सांगतो. आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षक राहतात, गणिताचे. आम्ही त्यांना सर म्हणतो, सगळी गल्लीच म्हणते. निवृत्तीनंतर ते संगणकावर मराठी टायपिंग शिकले आणि आपल्या शाळेचा इतिहास लिहायला बसले. पुण्याच्या मुलीने वाढदिवसाला ही जोडी पाठवली. वायर नाही, टेबल मोकळं, छान दिसतं. आणि दोन आठवड्यांनी सरांनी लिहिणं थांबवलं. का, तर म्हणाले, ‘बोटं ऐकत नाहीत आता. शाळा लिहायला जातो, कधी शळा होते, कधी शाळ होते. वय झालं बाबा.’ आणि हे बोलताना ते कीबोर्डकडे बघत नव्हते, आपल्या हाताकडे बघत होते.

आम्ही जाऊन पाहिलं. संगणकाचा लोखंडी डबा टेबलाखाली, भिंतीला लागून. कीबोर्डचा रिसीव्हर, म्हणजे ती नखाएवढी खुंटी, डब्याच्या मागच्या बाजूला. आणि तिच्या अगदी शेजारच्या निळ्या खाचेत बाहेरची हार्ड डिस्क. आम्ही दीडेकशे रुपयांची एक्स्टेंशन वायर आणली, खुंटी त्या वायरच्या टोकाला लावून टेबलावर आणून ठेवली. शाळेचा काना परत आला. पाच मिनिटांचं काम. पण सरांचे मधले दोन महिने गेले, आणि त्या दोन महिन्यांत त्यांना आपलं वय झाल्याची खात्री पटली होती. ती काही पाच मिनिटांत गेली नाही.

आता हा कागद बघा. यावर तीन चित्रं आहेत. पहिल्यात एक हात सेलची पट्टी ओढतो आहे. दुसऱ्यात खुंटी संगणकात जाते. तिसऱ्यात संगणकाचा पडदा आणि त्यावर बरोबरची खूण. बास, संपली गोष्ट. आमच्या अकरापैकी नऊ कागदांत हीच गोष्ट आहे. शब्द जवळजवळ नाहीत. आणि सुरुवातीला आम्हाला हे फार आवडलं होतं, ते मान्य करतो. चित्रांची भाषा उदार असते. इंग्रजी न येणाऱ्यालाही ती सामावून घेते. काटोलचा माणूस आणि कोरियाचा माणूस एकच कागद वाचतो, यात काहीतरी चांगलं आहेच.

पण दहाव्यांदा वाचताना लक्षात आलं, या गोष्टीत काही बिघडतच नाही. सगळी चित्रं यशाची आहेत. माऊस चालत नाही, अक्षर गळतं, बाण पडद्यावर उड्या मारतो, याचं एकही चित्र नाही. आणि मग विचार करा, हा कागद माणूस कधी वाचतो? जोडणी सरळ झाली तर वाचतच नाही. अडलं की वाचतो. म्हणजे ज्याचं अडलं आहे त्याच्या हातात आपण असा कागद देतो ज्यात कुणाचंच कधी अडत नाही. त्याने काय समजायचं? की चूक माझीच.

आमच्या घरी आईच्या शिलाई मशीनची पुस्तिका होती. पानं पिवळी पडलेली. तिच्यात निम्मी पुस्तिका बिघाडांची: धागा तुटतो आहे, कारण हे असू शकेल, हे किंवा हे. टाका सुटतो आहे, सुई उलटी बसली असेल. प्रेशर कुकरच्या पुस्तिकेतही वाफ धरत नसेल तर काय बघायचं ते असतंच. त्या पुस्तिका गद्य म्हणून काही थोर नव्हत्या, पण त्यांनी वाचणाऱ्याला यंत्राच्या बाजूने उभं केलं. ‘बिघडतं, आणि तुला दुरुस्त करता येईल’ असं त्या गृहीत धरत होत्या.

वायर असताना हे सोपं होतं, कारण बिघाड डोळ्यांना दिसायचा. माऊसला माऊस नाव पडलं तेच वायरीच्या शेपटीवरून. डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ साली पहिला नमुना बनवला, लाकडी ठोकळ्याचा, आणि ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या एका परिषदेत एंगेलबार्टनी तो जाहीरपणे चालवून दाखवला. त्या शेपटीतून दोन गोष्टी जायच्या, वीज आणि संदेश. शेपूट कापली तेव्हा दोन्हींची सोय दुसरीकडे करावी लागली. विजेसाठी पोटात सेल आला, संदेशासाठी हवा. पण कागदावर सेलचं चित्र आहे, हवेचं नाही. हवेचं चित्र काढायचं कसं, हा चित्रकाराचा प्रश्न आम्ही समजू शकतो.

तर हवेबद्दल दोन शब्द. ही साधनं २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. आपल्याकडे कमी शक्तीच्या उपकरणांसाठी हा पट्टा २००५ साली परवानामुक्त झाला, म्हणजे प्रत्येकाने सरकारकडे परवानगी मागायची गरज उरली नाही. त्यामुळेच वाय-फाय, ब्लूटूथ, वायरलेस माऊस घरोघरी आले. मोकळी जागा मिळाली की गर्दी होणारच. बर्डीच्या मेन रोडवर दिवाळीआधीच्या रविवारी जसं होतं तसं. त्यात आणखी एक गोष्ट. इंटेल कंपनीने २०१२ साली स्वतःच एक टिपण काढून सांगितलं की यूएसबी ३.० ची साधनं आणि खाचा चालू असताना याच पट्ट्यात गोंगाट करतात आणि शेजारच्या रिसीव्हरला ऐकू येणं कठीण होतं. उपाय काय, तर रिसीव्हर तिथून लांब न्या. सरांच्या हार्ड डिस्कची गोष्ट ती हीच. वरून लोखंडी डबा आडवा. म्हणजे कारण छापून येऊन इतकी वर्षं झाली, आणि आमच्या अकरा कागदांपैकी फक्त एकात, अगदी तळाशी, बारीक अक्षरात, एक ओळ आहे. चित्र नाही.

पुढचा मुद्दा काचेचा. हा आमचा आवडता आहे, कारण हा खास आपला आहे. आपल्याकडे साहेबाच्या टेबलावर काच असते. काचेखाली फोन नंबरांची यादी, कॅलेंडर, सुट्ट्यांचा कागद, गजानन महाराजांचा फोटो. (हशा) हसू नका, तुमच्याही टेबलावर आहे. माऊसच्या पोटात एक बारका कॅमेरा असतो. तो खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजारावर फोटो काढतो आणि दोन फोटोंतला फरक पाहून हात किती सरकला ते ठरवतो. स्वच्छ काचेवर त्याला धरायला काही सापडत नाही, प्रकाश आरपार जातो किंवा चमकून भलतीकडे जातो. मग बाण थरथरतो. काचेवर चालणारे महागडे माऊस २००९पासून मिळतात, पण कचेरीत ते कोण घेऊन देणार? आम्ही एका कार्यालयात पाहिलं, बाबूंनी फायलीचा पुठ्ठा कापून माऊसखाली ठेवला होता. खाकी, किंचित खरबरीत. एकदम उत्तम. कुठल्याही पॅडच्या तोंडात मारेल असा. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, कागदाने तर नाहीच. कागदावरच्या चित्रात टेबल हे नुसती एक आडवी रेघ असते. ज्याने ते चित्र काढलं त्याच्या टेबलावर काच नव्हती, एवढंच त्यातून कळतं.

सेलबद्दल मात्र थोडं जास्त बोलायला हवं, कारण नागपुरात राहून सेलबद्दल न बोलणं बरं नव्हे. मेमध्ये इथे पारा ४५च्या वर जातो. बंद खोलीत, पत्र्याखालच्या दुकानात त्याहून जास्त. उष्णतेत सेल लवकर म्हातारा होतो आणि गळण्याची भीती वाढते, त्यातही स्वस्तातला साधा पेन्सिल सेल आणि वापरून संपत आलेला सेल. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेची संगणकखोली दोन महिने बंद राहते, सेल आतच राहतात, आणि जूनमध्ये झाकण उघडलं की स्प्रिंगवर पांढरा-हिरवट थर. मास्तर म्हणतात, जळला. जळलेला नसतो बहुतेक वेळा. अल्कलाइन सेल असेल तर कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन तो थर पुसायचा, मग स्पिरिटने पुसायचं, वाळू द्यायचं. हाताला लागू द्यायचं नाही, डोळ्याजवळ तर मुळीच नाही. अर्धे माऊस यातून परत उठतात, हा आमचा अनुभव.

आणि कूलर. खोलीत एप्रिल ते जून कूलर चालतो, त्याच्या ओलाव्यात धूळ चिकट होते आणि ती कळांच्या खाली आणि माऊसच्या त्या बारक्या कॅमेऱ्याच्या भोकावर बसते. कीबोर्ड कूलरच्या झोतात ठेवू नये. आठवड्यातून एकदा उलटा करून झटकावा. सुका रंगाचा ब्रश फिरवावा. पुसायचा झाला तर आधी खालचं बटन बंद करावं. कागदांत हे बटन फक्त ‘सुरू’ करताना दाखवतात. बंद करताना कुणी दाखवत नाही! प्रवासात पिशवीत ठेवलेला माऊस आपोआप दबत राहतो, जागा होत राहतो आणि सेल खातो, हे नागपूर-पुणे स्लीपर बसने जाणाऱ्या पोरांना विचारा.

सेलच्या बाबतीत मोठमोठे लोकही घसरतात, हे जाता जाता सांगतो. अ‍ॅपलने २०१५ साली माऊसमध्ये चार्ज होणारी बॅटरी दिली आणि चार्जिंगची खाच कुठे ठेवली, तर पोटाखाली. म्हणजे चार्ज करताना माऊस पाठीवर झोपतो, वापरता येत नाही. २०२४ साली खाच बदलली, जागा तीच. दिसायला फार सुंदर वस्तू आहे. पण त्या सौंदर्याने ठरवलं आहे की माणसाने थांबायचं. आमच्या कागदाचंही तेच दुखणं आहे. चित्रं सुबक दिसावीत म्हणून अडचणी बाहेर ठेवल्या.

वापरलेल्या सेलचं पुढे काय? बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ साली आले. त्यानुसार वापरलेली बॅटरी घरच्या इतर कचऱ्यात टाकायची नाही आणि ती परत गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे. फुली मारलेल्या कचरापेटीचं चित्र बहुतेक कागदांवर आहे. ती पेटी बघून सरांनी आम्हाला विचारलं होतं, ‘इथे काय नाही म्हणतात?’ गणिताचे शिक्षक, आणि त्यांना त्या चिन्हातून अर्थ लागला नाही. तो लागावा अशी रचनाच नाही, कारण कुठे टाकू नका ते आहे, कुठे द्या ते नाही.

आता अक्षरांकडे येऊ. इथे आम्ही जरा रागात बोलू, माफ करा. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला. ३ फेब्रुवारी २०२५ रोजी राज्य शासनाने निर्णय काढला, त्यात शासकीय कार्यालयांतल्या संगणकांच्या कळफलकांवर रोमनबरोबर मराठी देवनागरी अक्षरं असणं बंधनकारक केलं. निर्णय चांगला आहे, आम्ही त्याचं स्वागत केलं. आणि मग आमच्या जोड्यांच्या कळा पाहिल्या. अकरापैकी एकीवरही ‘ळ’ नाही. अकरापैकी एकाही कागदात मराठी मजकूर नाही. काहींत पोलिश आहे, थाई आहे, अरबी आहे. कायद्याने तक्रारही करता येत नाही. वेष्टित वस्तूंच्या २०११च्या नियमांत वेष्टनावरचा आवश्यक तपशील देवनागरीतल्या हिंदीत किंवा इंग्रजीत असला की पुरतं. त्यासोबत आणखी भाषा देऊ नका असं मात्र कुणी म्हटलेलं नाही.

पण खरी गंमत पुढे आहे. समजा कळेवर ‘ळ’ छापला. त्याने ‘ळ’ उमटेल का? नाही. कीबोर्ड अक्षर पाठवतच नाही. तो फक्त सांगतो, अमुक जागची कळ दाबली. त्या जागेला ‘एन’ म्हणायचं की ‘ल’ म्हणायचं ते संगणक ठरवतो. त्यामुळे वायर असो नसो, कुठलाही कीबोर्ड मराठी होऊ शकतो, आणि देवनागरी स्टिकर लावलेला कीबोर्डही सेटिंग केल्याशिवाय मराठी होत नाही. विंडोजमध्ये सेटिंग्जच्या भाषेच्या पानावर जाऊन मराठी जोडायची, मग विंडोजची कळ आणि स्पेस दाबून भाषा बदलायची. मिळतो तो इनस्क्रिप्ट आराखडा. भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१च्या मानकात तो आहे. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. ‘एन’च्या जागी ल, शिफ्टसह ळ. ‘जे’च्या जागी र, शिफ्टसह तो ‘ऱ्हस्व’मधला ऱ. किती विचार करून बसवलेलं आहे बघा! ‘एफ’ आणि ‘जे’वरचे उंचवटे चाचपले की डोळे मिटून बोटं जागेवर येतात. २०१९पासून विंडोजमध्ये उच्चारानुसार लिहायचा मराठी पर्यायही आहे.

आणि इथेच गोंधळ होतो. टायपिंग इन्स्टिट्यूटमधून रेमिंग्टन शिकून आलेला माणूस नव्या कीबोर्डवर बसतो, त्याला इनस्क्रिप्ट मिळतं, तो म्हणतो कीबोर्ड खराब आहे. दुकानदार म्हणतो, ‘भाऊ, वायरलेसमध्ये मराठी नाही येत.’ हे वाक्य आम्ही स्वतः ऐकलं आहे. साफ चुकीचं आहे. लिपिक-टंकलेखकाच्या पदाला मराठी ३० शब्द प्रति मिनिटाचा वेग लागतो. त्यासाठी सराव करणारी मुलगी घरी अशा जोडीवर बसते, रिसीव्हर मागे, एखादं अक्षर गळतं, आणि ती समजते आपला वेग कमी, आपल्या चुका जास्त. त्या मुलीचं नुकसान कुठल्या खात्यात मांडायचं?

एक गोष्ट पटकन सांगून घेतो. २०१६च्या फेब्रुवारीत बॅस्टिल नावाच्या संस्थेच्या संशोधकांनी दाखवलं की अनेक कंपन्यांच्या रिसीव्हरना सुमारे १०० मीटरवरून खोट्या कळा पाठवता येतात. काही कंपन्यांनी सुधारणा काढल्या, पण त्या आपण उतरवून घ्यायच्या असतात. जुना रिसीव्हर असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर त्याची सुधारणा आहे का ते बघा. बँकेच्या कामाला वायरचा कीबोर्ड बरा, असं आमचं आपलं जुनाट मत. आणि खुंटी हरवू देऊ नका. काही कंपन्यांची एकच खुंटी अनेक साधनांना चालते, अशी एक पद्धत २००९मध्ये आली तिच्यात सहा साधनं जोडता येतात. पण स्वस्त जोड्यांमध्ये खुंटी गेली की बरीचशी जोडीच गेली. चांगला चालता माऊस कचऱ्यात. बहुतेक माऊसच्या पोटात सेलशेजारी खुंटी ठेवायला घर असतं. आमच्या कागदांत ते घर चौघांनीच दाखवलं आहे.

आता तुम्ही म्हणाल, कंपनीने किती लिहायचं? कागद महाग, भाषा शंभर, आणि वाचतं कोण? एका इंजिनिअर मित्राने आम्हाला हेच ऐकवलं: ‘जे वाचत नाहीत त्यांच्यासाठी शब्द छापायचे कशाला?’ मुद्दा अगदीच खोटा नाही. पण तो खरेदीच्या दिवसाचा विचार करतो. कागदाचा खरा वाचक चार महिन्यांनी येतो, संध्याकाळी, घाईत, चष्मा शोधत. त्याला तीन ओळी पुरतील.

म्हणून आम्ही त्या लिहून पाहिल्या. टीका करणाऱ्याने एकदा तरी स्वतः लिहून बघावं. आमचा मसुदा असा होता: ‘अक्षर गळत असेल किंवा बाण अडखळत असेल तर दोष तुमच्या हाताचा नाही. आधी सेल बदला. मग रिसीव्हर संगणकाच्या पुढच्या खाचेत किंवा वायरीने टेबलावर आणा आणि हार्ड डिस्कपासून लांब ठेवा. माऊस काचेवर असेल तर खाली जाड कागद ठेवा. महिनाभर वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा. मराठी अक्षरांसाठी कीबोर्ड नव्हे, संगणकाची भाषा बदला.’ तीन ओळी म्हणता म्हणता सहा वाक्यं झाली, हे खरं. आणि शेजारी एक चित्र, टेबलाखालच्या डब्याच्या मागे लपलेल्या खुंटीचं, त्यावर फुली.

हा कागद आम्ही सरांना दाखवला. त्यांनी लाल पेन काढलं, सवयच ती. ‘रिसीव्हर’ खोडून ‘खुंटी’ केलं. ‘जाड कागद’च्या पुढे ‘किंवा पुठ्ठा’ लिहिलं. पहिल्या वाक्याशी मात्र बराच वेळ थांबले. मग त्याखाली रेघ ओढली आणि म्हणाले, हे मोठ्या अक्षरात छापा. त्यांच्या शाळेचा इतिहास आता १९७२पर्यंत आला आहे. खुंटी अजून त्या दीडशे रुपयांच्या वायरीच्या टोकाला, टेबलावर, पेनस्टँडच्या बाजूला आहे. कुणी पाहुणा आला आणि ‘हे काय वायरलेसला वायर?’ म्हणून हसला की सर त्याला बसवून घेतात आणि यूएसबीचा गोंगाट समजावून सांगतात.

तर एवढंच. त्या फेरफटका मारणाऱ्या कागदांचा गठ्ठा इथे टेबलावर आहे, बघायचा असेल तर पुढे या. ऑनलाइन मंडळींपैकी कुणाकडे मराठी मजकूर असलेला एखादा कागद असेल तर त्याचा फोटो नक्की पाठवा, आम्ही आमचं म्हणणं दुरुस्त करू. आता प्रश्न घेऊ. हो, तुम्ही, मागच्या रांगेतल्या ताई.